खऱ्या-खोट्या नाण्याचा न्याय

माणसाची पारख सांगावयाची झाली की आपली भाषा नाण्याकडे धाव घेते. अमुक गृहस्थ म्हणजे बंदा रुपया. तमक्याचे नाणे खणखणीत. फलाण्याची गोष्ट वाजवून घेतल्याखेरीज पदरात घेऊ नये. ज्या समाजाने ही उपमा इतक्या मोकळ्या हाताने वापरली, त्यास प्रत्यक्ष नाण्याची पारख मात्र फारशी साधलेली नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. जुने रुपेरी नाणे हाती आले असता आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थदेखील दोनच प्रश्न विचारतो : हे खरे का? आणि ह्याचे किती येतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु 'खरे' म्हणजे काय आणि 'किंमत' म्हणजे कोणती, हे आधी ठरविल्यावाचून त्यांस उत्तर देणे म्हणजे फिर्याद न वाचता निकाल सांगणे होय. असे निकाल आपल्या पेठांतून रोज दिले जातात, आणि त्यांपायी कित्येक जुनी नाणी मुशीत जातात. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच काही निकालांची तपासणी करणार आहो.

तपासणीसाठी उदाहरण दूरचे घेण्याचे कारण नाही. सातपुड्याच्या डोंगरात, अक्कलकुवा तालुक्यात मोलगी नावाचे बाजाराचे गाव आहे. हा मुलूख पूर्वी पश्चिम खानदेशात मोडे, पुढे धुळे जिल्ह्यात गेला, आणि १९९८ सालापासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. जवळच्याच काठी गावाच्या होळीची कीर्ती वाचकांनी ऐकली असेल. ह्या डोंगरातील भिल्ल व पावरा स्त्रिया रुप्याचे भारी दागिने अंगावर घालतात, आणि त्यांत नाण्यांस कडी लावून ओवलेल्या माळांस विशेष मान आहे. राणीछाप, राजाछाप असे रुपयांचे भेद येथील अशिक्षित म्हातारीही बरोबर सांगते. पुष्कळ पदवीधरांस ते सांगता येणार नाहीत. माळ हा केवळ शृंगार नव्हे. लग्न, आजारपण, नापिकीचे वर्ष ह्यांसाठी राखून ठेवलेली ती पुंजी असते, आणि प्रसंग पडला म्हणजे तिच्यातील एकेक नाणे सराफाच्या तराजूत उतरते.

अशा एका माळेत व्हिक्टोरिया राणीच्या आणि जॉर्ज बादशहाच्या रुपयांच्या मधोमध एक लहान, जाड, कडेने वेडेवाकडे असे नाणे आम्ही पाहिले. त्यावर फारसी अक्षरांचे तुकडे होते. 'अकबर' एवढे नाव ओळखू येत होते. ते विकण्याचा घाट घालणाऱ्या कुटुंबास तोपर्यंत तीन निकाल मिळालेले होते. सराफाने ते हातात तोलून सांगितले होते, "भाऊ, हा रुपया नव्हे, खोटा आहे, मोडीच्या भावाने घेईन." नाणी जमविण्याचा नाद असलेल्या शहरातील एका गृहस्थाने म्हटले होते की नाणे खरे असेलही, परंतु भोक पाडून कडी डाकलेली असल्यामुळे त्याची आता काही किंमत राहिली नाही. आणि गावातील एका शिकलेल्या तरुणाने, अकबर बादशहाचे नाणे म्हणजे लाखाचा ऐवज, ते पेटीत कुलूप लावून ठेवा, असा सल्ला दिला होता. ज्यांच्या घरी पैशाची निकड होती त्यांनी ह्या तिघांपैकी कोणाचे ऐकावे?

आमच्या मते तिघांचेही निकाल सदोष होते, आणि प्रत्येकाचा दोष निराळ्या जातीचा होता.

तरुणाची चूक सर्वांत सोपी, म्हणून ती आधी निकालात काढू. प्राचीनत्व आणि दुर्मिळता ह्या दोन वस्तू एक नव्हेत. अकबर १५५६ पासून १६०५ पर्यंत गादीवर होता. त्याच्या राज्यात टाकसाळी पुष्कळ, आणि त्यांतून निघालेला रुपया अमाप. चारशे वर्षांपूर्वीचा म्हणून तो महाग होत नाही. ज्या जातीची हजारो नाणी शिल्लक आहेत, ती जात कितीही जुनी असली तरी बाजारात स्वस्तच राहते. उलट बादशहाच्या अखेरच्या काळातील राम-सीतेची आकृती असलेली नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, म्हणूनच त्यांच्या नकला बाजारात ढिगाने मिळतात. कोणत्याही जत्रेत 'रामदरबाराचे' जुने नाणे विकावयास येते. १८१८ हे साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घातलेली, मारुतीची आकृती असलेली पितळी-तांब्याची नाणी घरोघरी देव्हाऱ्यात दिसतात. कंपनीने असले नाणे कधीही पाडलेले नाही. ही नाणी श्रद्धेने ठेवावयाची तर ठेवावी, त्यास आमची हरकत नाही. परंतु तांदूळ ओढून घेणारे चमत्कारी नाणे म्हणून त्यांवर घरदार गहाण टाकणारी माणसे आजही निघतात, हे मात्र सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजास भूषणावह नव्हे.

सराफाच्या चुकीकडे अधिक आदराने पाहिले पाहिजे, कारण त्याच्यापाशी निदान एक माप होते. इंग्रजी अमदानीतील रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध रुपे. शेरशहापासून चालत आलेला मोगली रुपयाही ह्याच वजनाच्या आसपासचा, आणि रुप्याने ह्याहून काहीसा सरस. माळेतील ते नाणे कडीसकट सहा ग्रॅमच्या आतबाहेर. अर्थात ते रुपया नव्हते. परंतु 'रुपया नव्हे' आणि 'खोटे आहे' ह्या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते सराफाने एका उडीत ओलांडले. गंमत अशी की, त्याच माळेत जॉर्ज बादशहाचा १९४० नंतरचा एक रुपया होता. महायुद्धाच्या ओढाताणीत १९४० मध्ये सरकारने रुपयातील रुपे अर्ध्यावर आणले, आणि १९४७ मध्ये तर रुपया निकेलचा झाला. म्हणजे सराफाने ज्यास 'खरा' म्हटले त्यात निम्मे रुपे नव्हते, आणि ज्यास 'खोटा' म्हटले त्यात बहुधा त्याहून पुष्कळ अधिक होते. नाण्याचा खरेपणा त्याच्या टंचावर नसून तो ज्याने पाडला त्याच्या अधिकारावर असतो, हे तत्त्व सराफ स्वतः रोज पाळतो. मात्र जुन्या नाण्याच्या वेळी त्याचा त्यास विसर पडतो.

तर मग खोटे नाणे ओळखावे कसे? ह्या बाबतीत पुस्तकी सूत्रांपेक्षा डोळ्यांची सवय अधिक उपयोगी पडते. तथापि काही गोष्टी सांगता येतात. मध्ययुगीन नाणे ठशावर हातोडा मारून पाडीत. रुप्याची चकती खालच्या ठशावर ठेवावयाची, वरचा ठसा तिच्यावर धरावयाचा आणि घाव घालावयाचा. त्या घावाखाली धातू सरकतो, आणि अक्षरांच्या कडांपाशी त्या सरकण्याच्या बारीक रेषा भिंगातून दिसतात. ओतीव नकलेत ह्या रेषा नसतात. तेथे अक्षरे मेणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे, आणि कडेवर साच्याच्या सांध्याची कानशीने घासलेली खूण दिसते. दुसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. त्या काळचा ठसा चकतीहून बहुधा मोठा असे, म्हणून पूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उमटतो; कोठे बादशहाचे नाव अर्धे, कोठे साल कडेबाहेर. खोटे पाडणाऱ्यास मात्र आपल्या गिऱ्हाईकास सर्व काही दाखवावयाचे असते, तेव्हा त्याच्या नाण्यावर नाव, गाव, साल अशी सारी मंडळी सभेस बसल्याप्रमाणे मध्यभागी नीट जमलेली आढळतात. अति सुवाच्य नाणे दिसले की शहाण्याने प्रथम संशय घ्यावा.

वजनाची कसोटी चांगली, पण ती एकटी पुरेशी नव्हे. झिजलेले अस्सल नाणे हलके भरते, आणि हुशार ठक वजन बरोबर साधतो. शुद्ध रुप्याची घनता पाण्याच्या साडेदहापट असते. नाणे हवेत व पाण्यात तोलून मुलाम्याखालचे तांबे-शिसे पुष्कळदा पकडता येते. अलीकडे क्ष-किरणांच्या यंत्राने नाणे न खरवडता त्यातील धातूंचे प्रमाण काढतात. परंतु ते यंत्र पृष्ठभागापुरतेच बोलते, आणि जुन्या रुप्याच्या पृष्ठभागातून तांबे झडून गेलेले असल्यामुळे नाणे आहे त्याहून शुद्ध भासते, हे ध्यानात ठेविले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बेकर नावाचा एक अत्यंत कुशल ठसेकार होऊन गेला (१७७२–१८३०). तो ठसे स्वतः कोरी, नाणी खऱ्या पद्धतीने घाव घालूनच पाडी, आणि नवेपणाची चकाकी जावी म्हणून ती लोखंडाच्या तेलकट किसासह पेटीत घालून ती पेटी आपल्या गाडीच्या आसाखाली बांधून रस्तोरस्ती हिंडवीत असे. त्याच्या नाण्यांनी मोठमोठे संग्राहक फसले. गाडीच्या हिसक्यांनी आलेली झीज सर्व बाजूंनी सारखी. अंगावर वागविलेल्या नाण्याची तशी नसते. छातीवर घासणारी बाजू अधिक गुळगुळीत होते, कडीच्या खालची कड दोन्ही शेजारच्या नाण्यांवर आपटून चेपते. मोलगीच्या त्या नाण्याची झीज अशा दुसऱ्या प्रकारची होती. ज्या भोकामुळे संग्राहकाने ते टाकाऊ ठरविले, त्याच भोकाभोवतीची झीज त्याच्या बाजूने साक्ष देत होती.

असो. आता मुख्य प्रश्न. रुपया नव्हे, पण खोटेही नव्हे, असे अकबराच्या नावाचे, अर्ध्या रुपयाच्या वजनाचे रुपेरी नाणे तापीच्या खोऱ्यात कोठून आले?

गुजरातच्या सुलतानांचे रुप्याचे नाणे महमूद बेगडा (१४५८–१५११) ह्याच्या नावावरून 'महमुदी' म्हणून प्रसिद्ध झाले. अकबराने १५७२–७३ मध्ये गुजरात जिंकले, तरी सुरतेच्या पेठेत सौदे व हिशेब पुढेही बराच काळ महमुदीतच चालत. इंग्रज व्यापाऱ्यांच्या जुन्या कागदांत रुपयाच्या बरोबरीने महमुदीचा उल्लेख येतो, आणि सामान्यतः पाच महमुदींस दोन रुपये असा तिचा दर दिसतो. आता सुरतेच्या आसपास अकबराच्या नावाची, साडेपाच-पावणेसहा ग्रॅम वजनाची नाणी सापडत, तेव्हा नाणकशास्त्रज्ञांनी त्यांस 'सुरती महमुदी' असे नाव दिले. सुरतेत चालते म्हणून सुरतेचे, असा हा सरळ न्याय होता. परंतु वस्तू जेथे खपते तेथेच ती जन्मली असे मानले, तर येवल्याची पैठणी पुण्याची ठरेल. शिवाय एक अडचण होती : ह्यांतील काही नाण्यांवर अकबराच्या मृत्यूनंतरची हिजरी वर्षे आहेत. सुरतेसारख्या बादशाही बंदरात, जहांगीर गादीवर असताना, मेलेल्या बापाच्या नावाने उघडपणे नाणे पाडले जाणे संभवनीय नव्हे.

ह्या कोड्याचा उलगडा जुनागढच्या बहाउद्दीन महाविद्यालयातील प्राध्यापक शापुरशा होरमसजी होडीवाला ह्यांनी केला. मोगली नाण्यांवरील त्यांचे ऐतिहासिक अभ्यासांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. फारसी तवारिखा आणि परदेशी प्रवाशांची वृत्ते एकमेकांशी ताडून त्यांनी दाखविले की ही नाणी सुरतेची नसून बागलाणची, मुल्हेरच्या टाकसाळीची होत. साक्षीदारांत विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी महत्त्वाचा. तो १६१० च्या सुमारास सुरतेहून नंदुरबारवरून बऱ्हाणपुरास गेला; वाटेच्या दक्षिणेस बागलाणचा राजा प्रतापशहा ह्याचा डोंगरी मुलूख असल्याचे सांगून, मुल्हेर व साल्हेर ही त्याची मुख्य स्थळे आणि महमुदी तेथेच पाडल्या जातात, असे तो स्पष्ट नमूद करतो. ज्याने त्या महमुदींनी स्वतः देवघेव केली, त्याचा हा शब्द. पुढे १६३८ मध्ये, औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असता, मुल्हेर पडले व बागलाण बादशाहीत विलीन झाले. त्याबरोबर ही टाकसाळही संपली.

होडीवाला ह्यांच्या पद्धतीचे आम्हांस मोठे कौतुक वाटते, आणि त्याचे कारण केवळ निकाल बरोबर आला हे नव्हे. नाणकशास्त्राच्या पुष्कळ ग्रंथांत नाणे हीच आरंभीची आणि शेवटची साक्ष असते; नाण्यावरचे वाचावयाचे, सुबक यादी करावयाची आणि थांबावयाचे. होडीवाला नाण्यास साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी करतात. नाणे म्हणते, मी अकबराचे. ते विचारतात, मग अकबर वारल्यावर तुझा जन्म कसा झाला? पोथीच्या पाठचिकित्सेशी ज्यांचा परिचय आहे, त्या वाचकांस ही रीत लगेच ओळखू येईल. पुष्पिकेतील नाव कवीचे असेलच असे नाही, हे आपण ज्ञानेश्वर-नामदेवांच्या नावावरील क्षेपक अभंगांच्या बाबतीत शिकलो. नाण्यावरील नाव ते पाडणाऱ्याचे असेलच असे नाही, एवढाच त्याचा विस्तार. त्या ग्रंथाविषयी आमचा आक्षेप आहे तो एवढाच की तो कागदपत्रांच्या बाजूस फार झुकतो; ठसे, टंच व वजने ह्यांची छाननी त्या मानाने उणी पडते. पाच महमुदींस दोन रुपये हाच दर पाहा. वजनाने ही महमुदी जवळजवळ अर्धा रुपया, मग अडीचच्या ऐवजी दोनच महमुदींस रुपया का मिळू नये? तिच्यातील रुपे हलके होते म्हणून, की मांडलिकाच्या नाण्यावर सराफ जादा बट्टा घेत म्हणून? पुष्कळ नाण्यांचा टंच काढल्याखेरीज ह्याचा निवाडा होणार नाही, आणि प्रवाशांची वृत्ते येथे कितीही वाचली तरी ती मुकी आहेत.

येथे कोणी विचारील, प्रतापशहाने परक्याच्या नावाने नाणे पाडले तर तो ठकच नव्हे काय? आमचे उत्तर, नव्हे. ठक आपले नाणे दुसऱ्याच्या टाकसाळीचे म्हणून खपवितो. प्रतापशहा स्वतःच्या टाकसाळीत, स्वतःच्या अधिकाराने, जगास माहीत असताना नाणे पाडीत होता. बादशहाचे नाव हा त्या नाण्याचा परवाना होता; कारण सुरतेच्या सराफास डोंगरातील राजाशी कर्तव्य नव्हते, ओळखीच्या नावाशी होते. अकबर वारल्यावरही ते नाव त्याने चालू ठेवले ह्यात राजकारणापेक्षा व्यापारी शहाणपण अधिक दिसते. चालत्या नाण्याचे तोंड बदलले की बट्टा वाढतो. ह्यात आश्चर्य करण्याचेही कारण नाही. मराठेशाहीत चांदवडी व अंकुशी रुपये दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच पडत, आणि खुद्द इंग्रज कंपनी १८३५ पर्यंत शहाआलमचे नाव सोडण्यास धजली नाही. बाळाजी बाजीरावाच्या काळचा रुपया बादशहाच्या नावाचा म्हणून कोणी मराठी माणूस त्यास खोटा म्हणत नाही. तोच न्याय बागलाणच्या राजास लागू केला पाहिजे.

नाव नाण्यावर किती दिवस जगते, ह्याचा महाराष्ट्रातील सर्वांत सुंदर दाखला मात्र ह्याहून सुमारे हजार वर्षे जुना आहे. नाशिकच्या बाजूस आणि इतरत्र 'कृष्णराज' हे नाव असलेली, एका बाजूस राजाचे मुख व दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी अशी दोन ग्रॅमच्या आसपासची चिमुकली रुपेरी नाणी सापडतात. पूर्वी काही विद्वानांनी ती राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाची, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानली. परंतु अंजनेरी येथील भोगशक्तीच्या ताम्रपटात 'कृष्णराज रूपक' ह्या नाण्यांचा स्पष्ट निर्देश आहे, आणि तो ताम्रपट कलचुरी संवत ४६१ चा, म्हणजे इ. स. ७१०–११ चा. राष्ट्रकूट कृष्ण तेव्हा गादीवर आलेलाही नव्हता! नातवाच्या नावाने आजोबाच्या लग्नात आहेर व्हावा तसलाच हा प्रकार. तेव्हा नाणी कलचुरी कृष्णराजाची, सहाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणाच्या आसपासची, हे सिद्ध झाले. आणि त्याबरोबर हेही सिद्ध झाले की राजा जाऊन सव्वाशे-दीडशे वर्षे लोटली, त्याचे घराणेही मावळले, तरी त्याचे रूपक गोदाकाठच्या व्यवहारात नावाने ओळखले जात होते. ज्या अंजनेरीने ही साक्ष दिली, तेथेच १९८० मध्ये स्थापन झालेली भारतीय नाण्यांच्या संशोधनाची संस्था आज उभी आहे, हा योगायोग आम्हांस फार रुचतो.

आता संग्राहकाच्या निकालाकडे वळू. त्याच्याशीच आमचे खरे भांडण आहे. नाणे भोक पाडलेले म्हणून त्याची किंमत काही नाही, हे त्याच्या पेठेपुरते खरे आहे. लिलावात भोकाचे नाणे अखंड नाण्याच्या लहानशा अंशालाच जाते, आणि विकणाऱ्यास ही गोष्ट आधी सांगणे हेच प्रामाणिकपणाचे. परंतु त्या गृहस्थाने 'माझ्या कपाटास त्याचा उपयोग नाही' असे न म्हणता 'त्याची किंमत नाही' असे म्हटले, आणि त्या एका शब्दाच्या फरकाने ते नाणे मुशीच्या काठाशी येऊन उभे राहिले. संग्राहकास नाणे टाकसाळीतून आताच निघाल्यासारखे हवे असते. म्हणजे ज्या नाण्याने नाण्याचे काम सर्वांत कमी केले, ते त्यास सर्वांत प्रिय. इतिहासाची भूक निराळी आहे. सापडलेल्या हंड्यांतील नाणी सरकारदरबारी नोंदली जातात. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याने दहा रुपयांवरील जमिनीत पुरलेला ठेवा सापडल्यास कलेक्टरास कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि त्यात त्याचा वाटाही राखलेला आहे. परंतु अंगावरच्या माळेत पिढ्यान्पिढ्या चालत आलेले नाणे निधी नव्हे, म्हणून कोणी त्याची नोंद मागत नाही; आणि भोकाचे, म्हणून संग्राहकाच्या यादीतही ते येत नाही. दोन्ही वह्यांतून ते निसटते. बागलाणची महमुदी तापी ओलांडून सातपुड्यात कितपत शिरली होती, डोंगरातल्या माणसास लाकडाचे, मोहाचे, मधाचे मोल कोणत्या नाण्यात मिळत असे, हे सांगणारा एखादा पुरावा असलाच तर तो ह्या माळांत आहे. आज मोलगीच्या बाजारास भगर व आमचूर घेऊन उतरणाऱ्या वाटा जुन्याच आहेत, आणि त्या वाटांवर सुरत-बऱ्हाणपूर मार्गावरचे रुपे वर चढले असणे अगदी स्वाभाविक आहे.

एवढ्याने आम्ही त्या कुटुंबास नाणे विकू नका असे सांगावे काय? ज्याच्या घरी औषधास पैसे नाहीत, त्यास इतिहासाच्या नावाने उपवास करावयास लावण्याचा अधिकार कोणा प्राध्यापकास नाही. आम्ही सांगितले ते एवढेच : नाण्याचे वजन कडी वगळून करवावे, दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे, चिंचेने किंवा राखेने घासू नये, कारण त्या उजाळ्यात उरलीसुरली अक्षरे जातात, कडी उपटू नये, आणि विकावयाचेच तर मोडीच्या भावाने नव्हे, जुने नाणे म्हणून, दोन जाणकारांस दाखवून विकावे. भोकामुळे त्यास लाख येणार नाहीत, हजारही कदाचित येणार नाहीत. परंतु रुप्याच्या वजनाहून अधिक येतील, आणि ते मुशीत जाणार नाही. माळेतले बाकीचे रुपये राणीछाप व राजाछाप होते. ते आधी काढले तर निकड भागण्यासारखी होती, आणि घरातील म्हाताऱ्या आजीने तसेच ठरविले. तिचे कारण आमच्याहून साधे होते. मधले नाणे काढले तर माळ ओळंब्यात राहणार नाही, असे ती म्हणाली.

जाता जाता विक्रेत्यांविषयी एक शब्द. होडीवालांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन शंभरांहून अधिक वर्षे झाली. तथापि प्रतापशहाचे नाणे दुकानाच्या पेटीत 'सुरती महमुदी' ह्या चिठ्ठीखाली पडलेले अजूनही दृष्टीस पडते. आम्ही एकदा एका दुकानदारास ही गोष्ट सुचविली, तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिले की मुल्हेर कोठे आहे हे गिऱ्हाइकास ठाऊक नसते, सुरत सर्वांस ठाऊक असते. प्रतापशहाने अकबराचे नाव आपल्या नाण्यावर घातले, तेव्हा त्याचा हिशेब ह्याहून फारसा वेगळा नसावा.